भांडारातली नोकरी

ताडमाड गेला त्याला पाच आठवडे झाले होते आणि वरची खोली काकूंनी अजून कुणाला दिली नव्हती. विचारायला दोघंतिघं येऊन गेले. युद्धाचे दिवस, गावाबाहेर विमानतळ, त्यामुळे खोल्यांना मागणी फार. "रंग द्यायचाय," असं सांगून काकूंनी सगळ्यांना वाटेला लावलं. रंग काही लागला नाही. इस्त्रीच्या टेबलामागे वीस वर्षं उभे असलेले मामा एकदा म्हणाले, "रंगारी परदेशातून यायचाय वाटतं." त्यावर काकूंनी त्यांच्या पुढ्यात उशांच्या अभ्र्यांचा आणखी एक ढीग टाकला, आणि तो विषय तिथेच संपला.

काकू म्हणजे लाँड्रीच्या मालकीणबाई. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती आणि धंदा त्यांनी एकटीने रेटला होता. खाली भट्टी, हौद आणि इस्त्रीचं टेबल. मधल्या मजल्यावर त्यांचं घर. सगळ्यात वर गच्ची, आणि गच्चीला लागून ही एक खोली. युद्ध सुरू झालं तशा विमानतळावरच्या दवाखान्याच्या चादरी धुवायला यायला लागल्या, आणि चादरींच्या मागोमाग भाडेकरूही आला.

विशीतला पोरगा. वाळक्या काठीसारखा, आणि इतका उंच की पहिल्याच दिवशी जिन्याच्या दारावर त्याने कपाळ आपटून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मामांनी त्याचं नाव ताडमाड ठेवलं आणि ते असं चिकटलं, की त्याचे अधिकारीसुद्धा खालून हाका मारायचे, "ताडमाड आहे का हो वर?"

काकूंचं आणि त्याचं रोज वाजायचं. नुकत्याच पुसलेल्या जिन्यावरून तो चिखलाचे बूट घेऊन वर जायचा. साबणाची वडी पाण्यात तशीच ठेवायचा. जेवताना बोटांनी टेबलावर टकटक करत बसायचा. कट्ट कड, कट्ट कट्ट कड. "काय वाजवतोस रे सारखा?" असं विचारलं तर म्हणायचा, "काकू, मी म्हटलं, आमटी खारट झालीये. बिनतारी संदेश पाठवला." आणि गाणं! त्याला गाणं यायचं नाही आणि ते त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. काकूंनी सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही.

आल्यावर पहिले दोन महिने तो खरोखरच भांडारात कामाला होता. ब्लँकेटं, कंदील, बूट, मोजे, सगळं मोजून घ्यायचं आणि मोजून द्यायचं. मग एक दिवस तो तीन-तीन पायऱ्या उड्या मारत खाली आला. बिनतारी यंत्राच्या परीक्षेत तो पास झाला होता. आता तो मालवाहू विमानात कानाला यंत्र लावून बसणार होता. काकूंनी विचारलं, "आईला कळवलंस का?"

तेव्हा कुठे त्याने खरी गोष्ट सांगितली. भरतीच्या वेळी एकवीस पूर्ण नव्हती, म्हणून कागदावर आईची सही लागत होती. वडील नव्हते. आईने एकाच अटीवर सही केली होती. काम जमिनीवरचं पाहिजे.

"मग ती अट मोडलीस की."

"मोडली. पण तिला कळलं तर ती येऊन कान धरून घरी नेईल. तुम्ही तिला ओळखत नाही."

मग त्याने पत्राचा कागद पुढे केला आणि गळ घातली. "खाली एक ओळ लिहा, काकू. एकच. माझ्यावर तिचा विश्वास नाही, तुमच्यावर बसेल."

काकूंनी नाही म्हटलं. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा त्याने असा काही चेहरा केला, की त्यांनी टाक उचलला आणि निम्मं थट्टेत लिहून टाकलं: 'तुमचा मुलगा भांडारात बसून बसून सुटायला लागला आहे, काळजी नसावी.' उत्तरात आईने त्यांच्यासाठी वेगळी चिठ्ठी घातली होती. 'तुम्ही लक्ष ठेवता म्हणून मला झोप लागते.' ती चिठ्ठी काकूंनी खणात अगदी खाली सारली. पण पुढच्या वेळी ओळ लिहिताना पहिल्याइतकं जड गेलं नाही. वर्षभरात अशा चार ओळी झाल्या.

आणि मग हिवाळ्यात एका सकाळी विमानतळावरचा अधिकारी लाँड्रीत आला, तेव्हा त्याच्या हातात धुवायचं काहीच नव्हतं. आघाडीवर औषधं पोचवून विमान रिकामं परतत होतं. धुक्यात टेकडीला धडकलं. चौघं होते, चौघंही गेले. वरची वाट बर्फाने बंद होत चालली होती, त्यामुळे खाली न आणता त्यांना तिथेच मूठमाती दिली होती. काकूंनी त्याच दिवशी त्याचे कपडे धुतले, त्यांना इस्त्री केली, परीटघडी घालून पत्र्याच्या ट्रंकेत भरले आणि ट्रंक अधिकाऱ्याच्या गाडीत चढवून दिली. रडल्या त्या नंतर, आणि कुणासमोर नाही.

आई आली ती गुरुवारी दुपारी. भट्टीवर चादरी उकळत होत्या आणि वाफेने समोरचं धड दिसत नव्हतं. दारात एक ठेंगणी, जाडजूड बाई उभी होती. पायांत मजबूत बूट, हातात कातडी पिशवी.

"लाँड्रीवाल्या काकू आपणच का?" तिने विचारलं. "मी त्याची आई."

कुणाची, ते विचारावं लागलं नाही. उंची सोडली तर तोच चेहरा. काकूंनी ओले हात पुसले. "या ना, ताई. बसा." मामांनी इस्त्री बाजूला ठेवली आणि कधी नव्हे ते स्वतःहून चहा करायला गेले.

ती सुईण होती, पस्तीस वर्षांची सवय. घरात पाऊल टाकल्याबरोबर तिने हात धुवायला पाणी मागितलं. चहा पिऊन झाल्यावर म्हणाली, "खोली बघायचीये."

वर गेल्यावर ती दारातच थांबली नाही, सरळ आत गेली. खिडकी उघडून पाहिली, बंद केली. गादीवर हात दाबून पाहिला. मग बूट काढून त्या पलंगावर चक्क आडवी झाली.

"त्याचे पाय मावायचे का यावर?"

"नाही हो. बाहेर लोंबायचे. मी म्हटलं, खाली पेटी लावून देते. तर म्हणे नको, मला पाय हलवायला लागतात."

"लहानपणापासून तसाच." ती छताकडे बघत होती. "आणखी सांगा. चांगलं-चांगलं नको. ते अधिकाऱ्याने सकाळी सांगितलं. शूर होता, कर्तव्यदक्ष होता. माझा मुलगा आणि कर्तव्यदक्ष! घरी पाण्याची बादली भरायला सांगितली तर दिवस मावळायचा."

काकूंनी भीतभीत बुटांची तक्रार सांगितली. मग साबणाची. मग आमटीच्या संदेशाची. गाण्यापाशी आल्या तेव्हा त्या पलंगावरच्या बाईला हसू आवरेना. ती उठून बसली, डोळे पुसले आणि म्हणाली, "सांगितलं नाहीत त्याला कधी?"

"सांगितलं. तो म्हणाला, विमानात इंजिनाचा आवाज इतका असतो, की तिथे कुणाची तक्रार नसते."

बोलून गेल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं. विमानात. सुईणबाईंनी पिशवी उघडली, दोऱ्याने बांधलेला पत्रांचा गठ्ठा काढला, त्यातलं एक पत्र उलगडून काकूंच्या समोर धरलं.

"हे खालचं अक्षर तुमचं?"

"माझं."

"सुटायला लागला आहे."

"हो."

"सकाळी अधिकारी म्हणाला, एकेचाळीस उड्डाणं. त्याला वाटलं, ऐकून मला बरं वाटेल. तारेत नुसतं 'अपघातात गेला' एवढंच होतं. मी म्हटलं, साहेब, तो भांडारात होता. त्याने वही काढून दाखवली." तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग का लिहिलंत?"

काकूंनी उत्तर शोधून पाहिलं. त्याने गळ घातली, हे खरं होतं. थट्टेत लिहिलं, हेही खरं होतं. पण त्यातलं एकही समोर ठेवण्यासारखं वाटेना. "मला तो आवडायचा," त्या शेवटी म्हणाल्या. "नाही म्हणवलं नाही."

"मला कळलं असतं, तर मी दुसऱ्या दिवशी इथे आले असते. कान धरून नेलं असतं त्याला."

"तो हेच म्हणायचा."

सुईणबाईंनी पत्राची घडी घालून ते गठ्ठ्यात परत ठेवलं. मग म्हणाल्या, "तुम्ही आता खाली जा."

काकू खाली आल्या. चादरी पिळायच्या होत्या, खळ करायची होती. त्यांनी मामांच्या हातून इस्त्री ओढून घेतली आणि दवाखान्याचा एक चांगला अभ्रा जाळून ठेवला. वीस वर्षांत पहिल्यांदा. मामा त्या काळ्या डागाकडे बघत राहिले, पण त्यांनी तोंड उघडलं नाही, यावरूनच प्रकरण किती गंभीर आहे ते कळावं. वरून कसलाही आवाज येत नव्हता. रडण्याचाही नाही. काकूंना वाटलं, आता ही बाई पिशवी घेऊन खाली येईल, माझ्याकडे न बघता निघून जाईल, आणि ते बरोबरच असेल.

चारच्या सुमाराला ती खाली आली. पिशवी नव्हती, नुसता पत्रांचा गठ्ठा होता. तिने चष्मा लावला, घड्यांच्या टेबलापाशी स्टूल ओढलं आणि म्हणाली, "बसा. मी एकेक पत्र वाचते. त्या आठवड्यात खरं काय झालं, ते तुम्ही सांगायचं. ठाऊक असेल तेवढंच. पदरचं काही घालायचं नाही."

आणि असं ते सुरू झालं. ती वाचायची, काकू आठवायच्या. मधूनच मामा इस्त्री थांबवून एखादी तारीख दुरुस्त करायचे.

"'भांडारात उंदरांनी धुमाकूळ घातलाय, दोन रात्री जागलो.'"

"एक इंजिन बंद पडलं होतं. दुसऱ्याच कुठल्या तरी मैदानावर उतरले. तिसऱ्या दिवशी आला तो बुटांसकट झोपला, अठरा तास. मी बूट काढले. जिन्यावरचा चिखल तेवढ्यापुरता माफ केला."

"'बोटाला टाचणी लागली, म्हणून अक्षर वाईट.'"

"टाचणी नाही. वर फार थंडी असते म्हणे. आणि बटण दाबायला हातमोजा काढावा लागतो. दोन बोटं पांढरीफटक पडली होती. मी ती पाण्यात धरून त्याला बसवलं."

सुईणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "गरम पाण्यात की कोमट?"

"कोमट."

"चोळलीत का?"

"नाही. नुसती धरली."

"बरोबर केलंत," त्या म्हणाल्या आणि पुढचं पत्र उलगडलं.

काही पत्रांत खोटं काहीच नव्हतं. एकात त्याने लिहिलं होतं, 'आज इथलं गाव फार छान दिसलं. नदी अगदी दोरीसारखी.' ते सुईणबाईंनी दोनदा वाचलं. "भांडारातून नदी दोरीसारखी कशी दिसेल, हे मला तेव्हा सुचलंच नाही," त्या म्हणाल्या. "मी शेजारणीला वाचून दाखवलं. म्हटलं, बघा, पोरगं किती रमलंय."

"रमला होता, ताई," मामा म्हणाले. "ते मात्र खोटं नव्हतं. परतला की आधी इथे यायचा आणि हात पसरून सांगायचा, कुठे वळलो, कुठे ढग लागले. माझी इस्त्री गार व्हायची."

शेवटचं पत्र झालं आणि काकूंना वाटलं, आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही. गेले पाच आठवडे ही गोष्ट त्यांनी मामांपासूनही लपवली होती.

"आणखी एक आहे. पत्रात नाहीये." त्यांनी हातातल्या पंच्याची उगाच चौथ्यांदा घडी घातली. "माझ्या गच्चीवर चादरी वाळत असतात ना, पन्नास-पन्नास. त्या वरून दिसतात, असं तो सांगायचा. वैमानिकाने खूण धरली होती, लाँड्रीच्या चादरी दिसल्या की डावीकडे वळायचं, समोर विमानतळ. तो म्हणायचा, काकू, तुमच्या चादरींवर आमचं विमान उतरतं. त्या दिवशी मी चादरी घातल्या नव्हत्या. हवा कुंद होती, वाळल्या नसत्या. मी आत दोरीवर टाकल्या."

मामांनी इस्त्री खाली ठेवली. सुईणबाईंनी चष्मा काढला. मग एखाद्या बाळंतिणीला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "धुकं केव्हापासून होतं?"

"पहाटेपासून."

"गच्चीवरून समोरचं घर दिसत होतं?"

"नाही."

"मग घातल्या असत्या, तरी वरून दिसल्या असत्या का?"

काकूंनी मान हलवली. नसत्या दिसल्या.

"मग तो भार तुमचा नाही. तो खाली ठेवा." त्यांनी गठ्ठ्याला दोरा गुंडाळायला घेतला. "त्या चार ओळी तुमच्या आहेत. मी माफ केलं असं आत्ता म्हणणार नाही. म्हटलं तर तेही खोटं होईल, आणि खोटं आता पुरे झालं."

"नकाच म्हणू," काकू म्हणाल्या.

सुईणबाई दोन दिवस राहिल्या, त्याच खोलीत. पण हातावर हात ठेवून बसणं त्यांना जमेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टेबलापाशी येऊन चादरींच्या घड्या घालायला लागल्या, आणि प्रत्येक घडी दवाखान्याच्या पद्धतीने, कोपरे दुमडून. मामांनी त्या सगळ्या उलगडून पुन्हा आपल्या पद्धतीने घातल्या. जेवायच्या सुट्टीत सुईणबाईंनी त्या परत बदलल्या. संध्याकाळी दोघांची खडाजंगी झाली. "बाई, वीस वर्षं मी हेच करतोय," मामा म्हणाले. "वीस वर्षं चुकतंय," त्या म्हणाल्या. काकू हौदापाशी उभ्या राहून ऐकत होत्या, आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांना घरात माणसं असल्यासारखं वाटलं. शनिवारी सुईणबाई गेल्या. जाताना "येते" म्हणाल्या, पण कधी, ते नाही.

पुढच्याच आठवड्यात काकूंनी खोली दिली. विमानतळावरच्याच एका स्वयंपाक्याला, आणि तो बुटका होता.

वर्ष गेलं. युद्ध संपलं. चादरी कमी झाल्या, मामांना गुडघेदुखीने घरी बसवलं. सुईणबाईंचं दोन ओळींचं पत्र आलं तेव्हा वसंत लागला होता. 'टेकडीवर जायची परवानगी मिळाली आहे. मंगळवारी सकाळच्या गाडीने येत आहे. येणार असाल तर चांगले बूट घाला.'

काकूंकडे चांगले बूट नव्हते. नवऱ्याचे जुने होते, त्यात त्यांनी पुढे कापूस भरला. विमानतळावरच्या गाडीने दोघींना पायथ्याशी सोडलं आणि चालक म्हणाला, "चारला निघायचं हं, पुढे अंधारात रस्ता वाईट आहे." पायवाट सरळ वर जात होती. सुईणबाई पुढे आणि काकू धापा टाकत मागे. आयुष्यभर एका जागी उभं राहून काम केलेली बाई. जिने चढायची सवय, पण हा जिना संपेना.

"श्वास नाकाने घ्या," पुढून सूचना आली. "तोंडाने नाही."

"घेतेय."

"घेत नाही आहात. मला ऐकू येतंय."

माथ्याच्या जरा खाली एक सपाट तुकडा होता. तिथे फौजेने दगड उभा केला होता, त्यावर चार नावं. विमानाचं काही उरलं नव्हतं. जे होतं ते उचलून नेलं होतं. फक्त एका बाजूला गवत उशिरा उगवलेलं, बाकीच्यापेक्षा कोवळं दिसत होतं. सुईणबाईंनी त्याच्या नावावरून एकदा बोट फिरवलं, नीट कोरलंय की नाही ते बघितल्यासारखं. मग दगडावरची धूळ हातरुमालाने पुसली. चारही नावांवरची.

काकू बाजूला उभ्या होत्या. आपण इथे कोण, हा प्रश्न त्यांना गाडीत बसल्यापासून छळत होता. त्या जरा मागे सरकल्या तर हाक आली.

"अगं, तिकडे काय उभी राहिलीस? बस इथे. भाकरी आणलीये मी."

काकू बसल्या. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते त्यांना कळलं होतं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. वारा होता, पण ऊनही होतं. खाली दरीत कुणाची तरी मेंढरं चरत होती.

"तू मला त्याचं सगळं सांगितलंस," सुईणबाई खाता खाता म्हणाल्या. "मी तुला काहीच नाही सांगितलं."

"सांगा की."

"हा पायाळू. आधी पाय बाहेर आले, डोकं अडकलं. सुईण मी स्वतःच, त्यामुळे काय चाललंय ते मला सगळं समजत होतं, आणि न समजणं किती बरं असतं, तेही त्या दिवशी समजलं. माझी शिकाऊ पोरगी होती हाताशी, ती रडायला लागली. मग मीच पडल्या पडल्या तिला ओरडून सांगितलं, असा धर, असा वळव, ओढू नकोस. निघाला एकदाचा. निळाजांभळा. पाठीवर दोन चापट्या दिल्या तरी रडेना. आणि मग जो सुरू झाला तो बंदच होईना. खालच्या मजल्यावरचे लोक तक्रार करायला आले."

"गाणं तेव्हापासूनच होतं म्हणायचं."

"तेव्हापासूनच," सुईणबाई म्हणाल्या आणि काकूंच्या खांद्याला हलकेच एक धक्का दिला. "किती होता माहितीये लांबीला? मी मोजलं होतं. मला वाटलं, टेप चुकली."

मग त्याला पहिला दात कधी आला ते निघालं, शाळेतून तो किती वेळा पळाला ते निघालं, अकराव्या वर्षी शेजारच्यांच्या छपरावर चढून तो कसा अडकला आणि उतरवायला आलेल्या माणसाला 'थोडं थांबा, इथून छान दिसतंय' असं कसं म्हणाला, तेही. काकू विचारत होत्या, त्या सांगत होत्या. खालून गाडीचा भोंगा दोनदा वाजला तेव्हा साडेचार होऊन गेले होते.

"चल," सुईणबाई म्हणाल्या आणि उठायला हात पुढे केला. "उतरताना टाचेवर भार दे. आणि ते बूट पुढच्या वेळी घालू नकोस, पाय मोडून घेशील."